नानाकाकांची मगर

समुद्रापासून शेंकडों किलोमीटर दूर राहणाऱ्या माणसानें एका जहाजाविषयीं लिहावयास बसावें, याचें वाचकांना नवल वाटेल. आमचें गांव अंबेजोगाई. बीड जिल्ह्यांत विहिरीला पाणी लागलें म्हणजे लोक गूळ वाटतात. जहाज आम्हांला ठाऊक तें पुस्तकांतल्या चित्रांतलें. तथापि योगेश्वरीचें हें क्षेत्र समुद्राला अगदींच परकें नाहीं. ती कोंकणस्थांची कुलस्वामिनी. दर वर्षीं किनाऱ्यावरचीं कुटुंबें घाट चढून तिची ओटी भरावयास येतात. लहानपणीं देवळाच्या ओवरींत त्या मंडळींच्या तोंडून समुद्राच्या गोष्टी निघाल्या, कीं आमच्या घरांतील एक गृहस्थ हळूच हंसत. ते माझे चुलते नानाकाका. ते म्हणत, "या मंडळींनीं समुद्र पाहिला आहे. मीं तो पंधरा वर्षें ऐकला आहे."

या बोलण्याचा अर्थ मला फार उशिरां कळला. त्यांना जाऊन आतां कांहीं वर्षें लोटलीं. गेल्या दिवाळीपूर्वीं वाड्याची झाडलोट करतांना माळ्यावरून त्यांची पत्र्याची ट्रंक खालीं उतरली. तींत नौदलाची नोंदवही, एक पांढरी टोपी, सुतळीनें बांधलेला कागदांचा एक पुडका आणि एका जहाजाचा पिवळा पडलेला फोटो निघाला. माझ्या नातवानें फोटो उजेडाकडे धरला व विचारलें, "आजोबा, या जहाजानें कोणती लढाई जिंकली?" मी क्षणभर निरुत्तर झालों. पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वीं हाच प्रश्न मीं खुद्द नानाकाकांना विचारला होता, आणि माझ्या विचारण्यांत जिज्ञासेपेक्षां उपहास अधिक होता. ती चूक मनांत घर करून राहिली आहे. हा लेख म्हणजे तिचें प्रायश्चित्तच समजावें.

नानाकाकांचा जन्म १९३२ चा. त्या वेळीं आमचा जिल्हा निजामाच्या राज्यांत होता व अंबेजोगाईला दरबारी कागदांत मोमिनाबाद म्हणत. १९४८ सालीं रझाकारांची दहशत वाढली, तेव्हां मराठवाड्यांतील कितीएक कुटुंबांनीं सरहद्द ओलांडून आसरा घेतला. आमचें घरहि त्यांत होतें. आजी, आत्या, माझे आईवडील, नानाकाका आणि दोन तान्हीं मुलें एका बैलगाडींत दाटीवाटीनें बसून बार्शीच्या रोखानें निघालीं. दिवसा आडोशाला थांबावें, रात्रीं वाट चालावी, असें करीत तिसऱ्या पहाटे गाडी सुरक्षित मुलुखांत पोंचली. गाडीवान शेजारच्या वाडीचा होता. त्यानें सर्वांना उतरविलें, बैलांना पाणी दाखविलें आणि भाकरी फडक्यांत बांधून घेतली. आजी म्हणाली, "अरे, चार दिवस थांब." तो म्हणाला, "आईसाहेब, आणखी दोन घरें राहिलींत." एवढें बोलून रिकामी गाडी वळवून तो आल्या वाटेनें परत गेला. नानाकाका तेव्हां सोळा वर्षांचे होते. ती वळणारी गाडी त्यांच्या डोळ्यांसमोरून जन्मभर हलली नाहीं.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली व आम्ही घरीं परतलों. मी अर्थात् अद्याप जन्मास यावयाचा होतों. पण घरच्या गोष्टी सांगतांना "आम्ही" म्हणण्याची आमच्याकडे रीत आहे. चार इयत्ता शिकलेल्या मुलानें तहशिलींत कारकुनी धरावी, अशी घरांत सर्वांची अपेक्षा होती. नानाकाकांनीं १९५० सालीं मुंबईस जाऊन नौदलांत नांव घातलें. लोणावळ्याच्या 'शिवाजी' या नाविक शिक्षणकेंद्रांत त्यांना यंत्रांचें काम शिकविलें, आणि ते स्टोकर झाले. म्हणजे बॉयलरच्या भट्टीपाशीं उभे राहणारे. ब्राह्मणाच्या मुलानें अग्नि राखावा हें शास्त्राला धरूनच झालें, असें माझे वडील थट्टेनें म्हणत. आजीला मात्र थट्टा सुचत नव्हती.

त्यांतून एके दिवशीं पत्र आलें, "माझी नेमणूक 'मगर' या जहाजावर झाली आहे."

आजीनें तें पत्र दोनदां वाचून घेतलें. मग ती देवापुढें जाऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून घरांत गजेंद्रमोक्षाचा पाठ सुरू झाला. सरोवरांत उतरलेल्या गजेंद्राचा पाय नक्रानें धरला आणि तो सुटण्यासाठीं भगवंताला धांवावें लागलें, ही कथा तिला मुखोद्गत होती. आणि येथें तर तिचा मुलगा आपल्या पायांनीं मगरीच्या पोटांत शिरला होता! पुढें जहाज अंदमानला जातें असें कळल्यावर तर तिनें शेजारणींना मुलगा मद्रासेस आहे असें सांगावयास सुरुवात केली. अंदमान म्हणजे काळें पाणी. तेथें ज्यांना नेतात ते जन्मठेपेचे कैदी, हीच समजूत तिच्या पिढीची होती. मुलगा आपखुशीनें तेथें जातो, हें ती कोणत्या तोंडानें सांगणार?

आतां या मगरीची जन्मकथा सांगितली पाहिजे. ही रणगाडे वाहणाऱ्या जहाजांची जात एका पराभवांतून जन्मली. १९४० सालीं डंकर्कच्या किनाऱ्यावरून इंग्रज फौज जीव घेऊन परतली. माणसें आलीं, परंतु तोफा, गाड्या, रणगाडे सारें मागें राहिलें. पुन्हां युरोपच्या भूमीवर पाय ठेवावयाचा, तर बंदराच्या धक्क्यावांचून उघड्या किनाऱ्यावर रणगाडे उतरवितां आले पाहिजेत, हें चर्चिलनें ओळखलें. प्रथम व्हेनेझुएलांतील माराकायबो सरोवराच्या उथळ मुखांतून जाणारीं तेलवाहू जहाजें घेऊन त्यांच्या पुढच्या टोंकाला दरवाजे बसविण्यांत आले. पुढें नोव्हेंबर १९४१ मध्यें अमेरिकन नौदलांतील जॉन नीडरमायर या अभियंत्यानें नव्या जहाजाचें रेखाटन केलें.

अडचण अशी होती कीं, महासागर ओलांडावयाचा तर जहाज पाण्यांत खोल बसलें पाहिजे, आणि किनाऱ्याला लागावयाचें तर तें उथळ तरंगलें पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच जहाजांत कशा साधाव्या? उत्तर सोपें होतें. जहाजाच्या पोटांत मोठ्या टाक्या ठेवावयाच्या. भर समुद्रांत त्या पाण्यानें भरल्या कीं जहाज जड होऊन स्थिर चालतें. किनारा जवळ आला कीं पाणी बाहेर फेकून तें हलकें करावयाचें. या आराखड्याचीं, ३२८ फूट लांबीचीं, हजारांवर जहाजें अमेरिकेनें बांधलीं. त्यांतलीं पुष्कळशीं समुद्रकिनाऱ्यावर नव्हे, तर देशाच्या अगदीं मध्यभागीं, नद्यांच्या कांठीं बांधलीं गेलीं. ओहायो नदीवरील इव्हान्सव्हिलला १६७, इलिनॉय नदीवरील सेनेका नांवाच्या खेड्याजवळ १५७. आजूबाजूला मक्याचीं शेतें, आणि त्यांत हीं धूडें उभीं! ज्यांनीं समुद्र कधीं पाहिला नव्हता अशा शेतकऱ्यांनीं व त्यांच्या बायकांनीं तीं जोडलीं, आणि मिसिसिपीच्या पाण्यावरून तीं समुद्राकडे गेलीं. ही हकीकत नानाकाकांना फार प्रिय होती. बीडच्या माणसानें जहाजावर काय करावें, असें कोणी विचारलें, कीं ते सेनेकाचें नांव सांगत.

या जहाजांची टंचाई युद्धाच्या तिथी ठरवूं लागली. नॉर्मंडीवरील चढाई १९४४ च्या मेमधून जूनवर गेली, तिला हीं जहाजें पुरेशीं जमविण्याची गरज हें एक मोठें कारण होतें. दक्षिण फ्रान्सची उतरण तर ऑगस्टपर्यंत लांबली. खलाशी त्यांना विनोदानें 'मोठें संथ निशाण' म्हणत, कारण तीं लांबरुंद, आणि चाल ताशी बारा सागरी मैलांच्या आसपास. त्यांना नांवें देण्याइतकीहि कोणाला फुरसत नव्हती. बहुतेकांना नुसते क्रमांकच होते.

आमच्या मगरीचा क्रमांक ३०११. ही इंग्रजांनीं स्वतः बांधलेली सुधारलेली जात होती. लांबी सुमारें ३४५ फूट, आणि डिझेल यंत्रें मिळेनात म्हणून वाफेचीं यंत्रें बसविलेली. बेलफास्टच्या हारलँड आणि वुल्फ या गोदींत, जेथें पूर्वीं 'टायटॅनिक' बांधली गेली होती तेथेंच, युद्धाच्या अखेरच्या पर्वांत तिचा जन्म झाला. युद्ध संपल्यावर तिला 'ॲव्हेंजर', म्हणजे सूड उगविणारा, असें भयंकर नांव मिळालें. १९४९ सालीं तें जहाज भारताकडे आलें आणि त्याचें नांव 'मगर' झालें. पाण्यांत राहणारी, पण चिखलांत तोंड टेकून निवांत पडणारी. सूडापेक्षां हें नांव त्या जहाजाला अधिक शोभत होतें.

पहिल्या रजेवर आले तेव्हां नानाकाकांनीं आजीची भीति घालविण्याचा चंग बांधला. ती गोष्ट आत्यानें मला कितीतरी वेळां सांगितली आहे. परसांत दगडी हौद होता. नानाकाकांनीं जेवणाचा पाट त्यांत तरंगत सोडला, हौदाच्या कांठाशीं वाळूचा उतार केला, आणि आजीला जवळ बसविलें.

"हें बघ आई," ते म्हणाले, "हें जहाज. याचा तळ या पाटासारखा सपाट. म्हणून समुद्रांत तें असें डोलतें, कीं पहिले चार दिवस मीं अन्नाला शिवलों नाहीं. आतां किनारा आला. इतर जहाजें किनाऱ्याला भितात. हें मुद्दाम त्यावर चढतें. पण त्याआधीं मागच्या बाजूनें एक नांगर दूरच टाकून ठेवतात." असें म्हणून त्यांनीं पाटाच्या मागें दोरा बांधून त्याला एक खडा अडकविला. "आतां पुढचें टोंक वाळूला टेकलें. दोन दरवाजे कपाटासारखे उघडले, आंतून एक फळी खालीं पडली, आणि पोटांतले रणगाडे एकामागून एक जमिनीवर. टांच भिजली तर भिजली."

"आणि मग जहाज तसेंच रुतून बसतें?" आजीनें विचारलें.

"तोच तर मागच्या नांगराचा उपयोग. पोट रिकामें झालें कीं जहाज हलकें होतें. यंत्र उलटें फिरवावयाचें आणि नांगराचा दोर गुंडाळावयाचा. जहाज आपलें आपण मागें सरतें. मात्र भरती-ओहोटीचें गणित चुकलें, तर पुढची भरती येईपर्यंत देवाचें नांव घ्यावें."

आजी बराच वेळ त्या पाटाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ही मगर गिळते, पण सोडते."

"सोडण्यासाठींच गिळते, आई."

गजेंद्रमोक्षाचा पाठ तरी आजीनें बंद केला नाहीं. परंतु त्यानंतर तिनें शेजारणींना अंदमानचें नांव सांगितलें.

नानाकाका स्टोकर, त्यामुळें ही सारी उतरण त्यांनीं डोळ्यांनीं क्वचितच पाहिली. ते सर्वांत खालीं, बॉयलरपाशीं. वरून घंटेचा इशारा येई, 'सावकाश'. पुन्हां इशारा, 'थांबा'. मग तळाखालीं वाळू घासल्याचा आवाज, जात्यावर भरडतांना येतो तसा. मग क्षणभर शांतता. नंतर डोक्यावरच्या लोखंडी मजल्यावरून गाड्यांची घरघर. आंतल्या आंत सुरू केलेल्या यंत्रांच्या धुरानें माणसें गुदमरूं नयेत, म्हणून मोठमोठे पंखे चालू असत. त्यांचा घोष निराळा. सारें ओझें उतरलें कीं जहाज किंचित् उचललें जाई, आणि तें त्यांना पायांच्या तळव्यांना कळे. "समुद्र मीं ऐकला" असें ते म्हणत, त्याचा अर्थ हा.

किनाऱ्याची परीक्षा चुकली तर काय होतें, याचीहि एक गोष्ट ते सांगत. सप्टेंबर १९४५ मध्यें मलायांत मोरिब येथें हिंदी फौज उतरली. किनारा वरून वाळूचा दिसत होता, परंतु वाळूच्या पातळ थराखालीं चिखल निघाला, आणि गाड्यांमागून गाड्या रुतून बसल्या. जपाननें आधींच शरणागति पत्करली होती म्हणून निभावलें. "शत्रूपेक्षां चिखल वाईट," असें ते म्हणत, "शत्रु निदान शरण येतो."

आतां अंदमानविषयीं. ही गोष्ट नानाकाकांनीं मला एकदांच सांगितली. मार्च १९४२ मध्यें जपान्यांनीं अंदमान घेतलें. १९४३ च्या अखेरीस दोस्तांनीं तें परत घेण्याची योजना आंखली होती. त्यासाठीं सैन्य उतरविणारीं जहाजेंहि हिंदी महासागरांत जमविण्यांत आलीं होतीं. परंतु युरोपांतील मोहिमांना तीं जहाजें कमी पडूं लागलीं. त्या डिसेंबरांत योजना रद्द झाली आणि जहाजें पश्चिमेकडे नेण्यांत आलीं. कैरोला भरलेल्या बैठकीच्या टेबलावर तो केवळ जमाखर्चाचा फरक होता. अंदमानांत त्याचा अर्थ आणखी जवळजवळ दोन वर्षांचें राज्य, हेर ठरवून झालेले छळ, आणि अखेरीस अन्नाचा दुष्काळ. ऑगस्ट १९४५ मध्यें, सुटका इतकी जवळ आली असतां, खाणारीं तोंडें कमी करण्यासाठीं शेंकडों माणसांना शेती करावयाच्या निमित्तानें हॅवलॉक बेटाकडे नेलें आणि किनाऱ्यापासून दूर समुद्रांत उतरविलें. त्यांतील फारच थोडे वांचले. सुटका झाली ती ऑक्टोबर १९४५ मध्यें.

मगर या बेटांकडे तांदूळ, सिमेंट, औषधें, यंत्रें घेऊन जाई. जेथें धक्का नाहीं तेथें किनाऱ्यालाच तोंड लावी. अशाच एका उतरणीनंतर भट्टीच्या उष्म्यानें शिणलेले नानाकाका वारा खावयास त्या उतरत्या फळीवर येऊन बसले. जवळच एक म्हातारा उतरणारीं पोतीं मोजीत होता. त्याचें त्या तांदुळाशीं कांहींहि काम नव्हतें. तो नुसता मोजीत होता. नानाकाकांनीं हिंदुस्थानींत विचारलें, "बाबा, हिशेब कशाला?" तो म्हणाला, "जपान्यांच्या वेळीं आम्ही रोज समुद्राकडे पाहत असूं. विमानें येत, बाँब टाकून जात. असें तोंड उघडणारें जहाज मात्र आलें नाहीं. आतां आलें आहे, तर मोजतों."

नानाकाका सांगत, त्या दिवसापर्यंत त्यांना आपल्या जहाजाची थोडी लाज वाटे. बंदरांत शेजारीं तोफांचीं जहाजें उभीं राहत. त्यांच्यावरचे खलाशी मगरीला मालगाडी म्हणत. "त्या दिवसापासून," ते म्हणाले, "मला तो शब्द लागला नाहीं."

परंतु घरांत त्यांना बोल लावणारे आम्ही होतोंच. वडिलांची एक जुनी तक्रार होती. जहाजावर जेवण फुकट, कपडे फुकट, राहणें फुकट. तरी नाना घरीं पैसे बेताचेच पाठवितो. बाकीचे जातात कोठें? एकत्र कुटुंबांत अशी शंका मोठ्यानें बोलून दाखवीत नाहींत. ती ताटांतल्या मिठासारखी कोपऱ्यांत असते. १९६५ सालीं ते निवृत्त होऊन आले, तेव्हां त्यांच्यापाशीं शिल्लक म्हणून सांगावी अशी रक्कम नव्हती. आत्या बालविधवा, तिच्या वाट्याला जन्मभर दुसऱ्यांचीं मुलें सांभाळणें आणि दुसऱ्यांचीं बाळंतपणें काढणें आलें होतें. तिनें एवढेंच म्हटलें, "तो आला, पुरे झालें."

१९७१ च्या डिसेंबरांत युद्ध सुरू झालें, तेव्हां मी चौदा वर्षांचा होतों. ओसरींत रेडिओभोवतीं गल्ली जमे. नौदलाच्या बातम्या लागल्या कीं माझी छाती फुगे, आणि आपल्या घरांतला नाविक काठीला टेकून नुसता ऐकत बसला आहे, याचा संताप येई. एका संध्याकाळीं पाहुण्यांसमक्ष मीं विचारलें, "नानाकाका, तुमच्या मगरीनें कधीं एखादी लढाई जिंकली, कीं नुसतीं पोतींच वाहिलीं?" पाहुणे हंसले. वडीलहि हंसले. नानाकाका म्हणाले, "पोतींच वाहिलीं रे बाबा," आणि उठून गाईला वैरण घालावयास गेले. आत्यानें माझ्याकडे पाहिलें. ती कांहीं बोलली नाहीं, पण त्या रात्रीं तिनें मला वाढलें नाहीं, आईनें वाढलें.

त्याच युद्धांत कॉक्सबझारच्या किनाऱ्यावर मगरीच्या धाकट्या जातभाईंनीं, 'घडियाल' आणि 'गुलदार' यांनीं, गुरखा पलटण उतरविण्याचा प्रयत्न केला. वाळूच्या बांधावर जहाज अडलें, पुढें पाणी खोल निघालें, आणि उतरतांना दोन जवान बुडाले. बाकीच्यांना स्थानिक होड्यांतून उतरवावें लागलें. पुढें ही हकीकत कानीं आली, तेव्हां नानाकाका दिवसभर बोलले नाहींत. संध्याकाळीं ते एवढेंच म्हणाले, "उतरविणें सोपें नसतें."

मला उत्तर मिळालें तें पुढच्या वर्षीं. १९७२ च्या दुष्काळानें आमच्या जिल्ह्याचें काय केलें, हें जुन्या वाचकांना सांगावयास नको. विहिरींचे तळ उघडे पडले, जनावरें खाटिकाकडे गेलीं, खडी फोडण्याच्या कामावर ज्यांनीं कधीं उंबरा ओलांडला नव्हता अशा बायका उभ्या राहिल्या. रेशनवर परदेशांतून आलेली लाल ज्वारी मिळूं लागली. तिला सारे मिलो म्हणत. तिची भाकरी थापतांना फाटे. आई डोळ्यांना पदर लावी. धान्याचा ट्रक आला कीं चौकांत झुंबड उडे. तेव्हां चाळिशीचे नानाकाका रोज तेथें जाऊन उभे राहत. ट्रकचा फाळका खालीं सोडावा, त्याला फळी लावावी, बायकांची रांग एका बाजूला आणि हमालांची वाट दुसऱ्या बाजूला ठेवावी, पोतीं मोजून घ्यावीं, ट्रक रिकामा झाला कीं लगेच वाट मोकळी करून परत धाडावा. गडबड नाहीं, आरडाओरडा नाहीं. तासाभराचें काम वीस मिनिटांत उरके. मी पिशवी घेऊन रांगेंत उभा होतों. माझी पाळी आली तेव्हां ते म्हणाले, "ही ज्वारी कशांतून आली, सांग पाहूं?"

"ट्रकांतून," मीं म्हटलें.

"त्याआधीं?"

मला एकदम समजलें आणि माझी मान खालीं गेली. समुद्रापासून इतक्या दूर, कोरड्या पडलेल्या गांवांत, मी जहाजानें आणलेलें अन्न हातांत धरून उभा होतों. त्यांनीं पुढें कांहीं म्हटलें नाहीं. पिशवीचें तोंड नीट बांधून माझ्या खांद्यावर दिलें.

ती जुनी मगर पुढें सेवेंतून गेली. तिचें नांव मात्र राहिलें. कलकत्त्याच्या गार्डन रीच कारखान्यानें बांधलेली नवी, अधिक मोठी 'मगर' १९८७ सालीं नौदलांत दाखल झाली. २०२० च्या मे महिन्यांत, साथीच्या दिवसांत मालदीवमध्यें अडकलेले दोनशेंवर भारतीय या नव्या मगरीनें कोचीला आणले. त्याच उन्हाळ्यांत आमच्या जिल्ह्यांतले ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रांतील कारखान्यांच्या आवारांत अडकून पडले होते. एप्रिलमध्यें सरकारनें परवानगी दिल्यावर ते घरीं येऊं लागले. दसऱ्याच्या सुमारास जातात तसेच: एका ट्रकांत माणसें, मुलें, भांडीं, कोंबड्या, सारा संसार. आमच्या दारावरून ते ट्रक जात होते. नानाकाका असते तर ते ओसरीच्या पायरीवर उभे राहून फाळके उघडतांना पाहत राहिले असते, असें मला सारखें वाटलें. ६ मे २०२३ ला नवी मगरहि कोचीला निवृत्त झाली. वर्तमानपत्रांत चार ओळींची बातमी आली.

आतां त्या ट्रंकेंतला सुतळीचा पुडका. नातवानें तो सोडला. आंत मनीऑर्डरीच्या पावत्या होत्या. १९५१ पासून १९६५ पर्यंतच्या, महिन्यामागून महिन्याच्या, तारीखवार लावलेल्या. कधीं पांच रुपये, कधीं दहा, एकदां मात्र एकदम दीडशें. सर्व एकाच पत्त्यावर, शेजारच्या वाडीला. नांव वाचून मी आत्याची आठवण काढली. तीच एक हें जाणत असली पाहिजे. चौकशी केली तेव्हां वाडींतील एका वृद्धानें सांगितलें. आमच्या गाडीवानानें उरलेलीं दोन घरेंहि पोंचविलीं होतीं. तिसऱ्या खेपेस परततांना रझाकारांनीं त्याचे दोन्ही बैल ओढून नेले. तो वांचला, पण बैलांवांचून त्याचें शेत गेलें आणि तो दुसऱ्याच्या बांधावर राबूं लागला. आमच्या घरानें त्याची विचारपूस कधीं केली नव्हती. दीडशें रुपयांची पावती ज्या सालची, त्याच सालीं त्याच्या दारीं पुन्हां बैल आले.

माझे वडील हयात नाहींत, म्हणून ज्या शंकेनें आम्ही वर्षानुवर्षें त्या माणसाकडे पाहिलें, तिची क्षमा घराच्या वतीनें आतां मींच मागावयाची. पावत्या मीं पुन्हां सुतळीनें बांधल्या आणि देवघरांत, आजीच्या पोथीशेजारीं ठेवल्या.

नातू अजून उत्तराची वाट पाहत होता. मीं त्याला परसांत नेलें. हौद आतां कोरडा असतो. त्यानें चार बादल्या पाणी ओतलें. पाट मीं आणला. वाळूचा उतार त्यानें केला. मागें दोरा बांधून खडा लावण्यास मात्र मीं त्याला विसरूं दिलें नाहीं.